एकच डिझेल, निरनिराळे पंप

(येरवडा येथे वाहनमालक, चालक आणि नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



येरवड्यातून नगर रस्त्याला लागणाऱ्या ट्रकचालकाला, शाळेच्या बसच्या चालकाला किंवा विमानतळाच्या फेऱ्या करणाऱ्या टॅक्सीवाल्याला ‘डिझेल कोठे भरावे?’ असे विचारले, तर तो क्षणभरही न थांबता एका पंपाचे नाव घेतो. शेजारी उभा असलेला दुसरा चालक तितक्याच ठामपणे दुसऱ्या पंपाचे नाव घेतो. एकाचे म्हणणे, तिथले तेल टाकले की गाडीला पिकअप मिळतो. दुसऱ्याचे म्हणणे, तिथलेच तेल टाकले की गाडी काळा धूर ओकते. दोघेही अनुभवी, दोघेही प्रामाणिक. मग खरे कोणाचे? आणि मुळात एकाच शहरातील, कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन पंपांवरील डिझेलमध्ये फरक असू शकतो काय?

सुशिक्षित माणूस हा प्रश्न हसण्यावारी नेतो. सगळे डिझेल सारखेच असते, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि नेमक्या या अर्ध्या खरेपणामुळेच उरलेल्या अर्ध्या भागाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रथम खरा अर्धा भाग पाहू. पुणे शहराला लागणारे डिझेल प्रामुख्याने लोणी काळभोर येथील तेल कंपन्यांच्या डेपोंमधून येते. तेथे ते मुंबईहून येते. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर ही नळवाहिनी याच कामासाठी घातलेली आहे. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्या एकमेकींच्या कारखान्यातील आणि साठवणीतील माल सोयीप्रमाणे परस्परांना देतात. म्हणजे पंपावरच्या फलकाचा रंग निळा असो, पिवळा असो की लाल, त्याखालच्या टाकीतील तेल एकाच कारखान्यातून आलेले असण्याचा संभव बराच असतो. त्या तेलाला भारतीय मानक संस्थेचे एकच मानक लागू असते आणि प्रयोगशाळेच्या तपासणीवाचून ते डेपोच्या बाहेर पडत नाही. तेव्हा ‘अमुक कंपनीचे डिझेल जात्याच उत्तम आणि तमुक कंपनीचे जात्याच हलके’ या समजुतीला फारसा आधार नाही.

फरक पडतो तो डेपोच्या फाटकापासून गाडीच्या टाकीपर्यंतच्या प्रवासात. लोणी काळभोर ते येरवडा हे अंतर तासाभराचे. पण सारी कथा त्या तासाभरात आणि त्यानंतर पंपाच्या टाकीत काढलेल्या दिवसांत घडते.

अर्थात एक फरक असा होता की जो कोणाच्या लबाडीने नव्हे, तर कायद्यानेच निर्माण झाला होता. तो आज विस्मरणात गेला आहे. परंतु चालकांच्या बऱ्याचशा समजुतींचे मूळ त्यात असावे. १९९९ ते २००४ या काळात राम नाईक केंद्रात पेट्रोलियम मंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, २००१ साली, वाहनांच्या इंधनाचे राष्ट्रीय धोरण ठरविण्यासाठी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. माशेलकर हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक, तेव्हा हा विषय पुण्याला परका नाही. समितीचा अहवाल २००२ साली आला. सबंध देशात एकदम उच्च प्रतीचे इंधन पुरविणे तेव्हा शक्य नव्हते, म्हणून मोठ्या शहरांना आधी आणि उर्वरित देशाला मागाहून असा क्रम लावण्यात आला. १ एप्रिल २००५ पासून पुण्यात भारत स्टेज तीन प्रतीचे डिझेल आले. त्यात दर दहा लाख भागांत गंधकाचे प्रमाण जास्तीत जास्त ३५० भाग. शहराबाहेर भारत स्टेज दोन. तेथे ५०० भाग. २०१० साली पुणे आणि सोलापूर ही महाराष्ट्रातील शहरे मुंबईबरोबर चौथ्या श्रेणीत गेली आणि गंधक ५० भागांवर आले, तर राज्याच्या बहुतेक भागात ते ३५० होते. म्हणजे येरवड्यात टाकी भरून मराठवाड्याकडे निघालेला चालक परतीच्या वाटेवर जे डिझेल भरी, त्यात पुण्याच्या तुलनेने सातपटीपर्यंत गंधक असू शके. फलक तोच, गणवेश तोच, पंपावरचे यंत्रही तेच. नव्या धाटणीच्या इंजिनाची गाडी अशा वेळी निराळी वागली, तर ‘बाहेरचे तेल चांगले नाही’ असे चालकाला वाटणे स्वाभाविक होते. त्याला कारण माहीत नव्हते, पण निरीक्षण चुकीचे नव्हते.

हा भेद क्रमाने मिटला. १ एप्रिल २०१७ पासून चौथी श्रेणी देशभर लागू झाली. पाचवी श्रेणी ओलांडून थेट सहाव्या श्रेणीत जाण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला होता. त्यानुसार १ एप्रिल २०२० पासून गंधकाची मर्यादा सर्वत्र १० भागांवर आली. गडचिरोलीतील पंप असो की येरवड्यातील, कायद्याने डिझेल एकच. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी यासाठी हजारो कोटी रुपये खर्चले आणि ठरल्या दिवशी, ऐन टाळेबंदीत, नवे इंधन देशभर उपलब्ध झाले. या कामगिरीचे कौतुक व्हावे तितके झाले नाही, हे नमूद केले पाहिजे.

कायद्याने एक झालेले डिझेल व्यवहारात वेगवेगळे का भासते, तो भाग आता पाहू.

काही पंपांवर साध्या डिझेलबरोबर जादा दराचे, खास नावाचे डिझेल मिळते. त्यात नोझल स्वच्छ ठेवणारी आणि फेस कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ते मुळात निराळे तेल नव्हे. त्याच तेलात घातलेली ती पुरवणी होय. ज्याच्या इंजिनात मळ साचला आहे त्याला फरक जाणवतो, ज्याची गाडी नीट राखलेली आहे त्याला सहसा जाणवत नाही. याहून अधिक त्यावर बोलण्यासारखे काही नाही.

दुसरे कारण म्हणजे हयगय. पंपाखालच्या टाकीत पाणी कसे शिरते? पावसाळ्यात झाकणाच्या फटीतून, जुन्या टाकीच्या गंजलेल्या जोडातून आणि हवेतील बाष्पातूनही. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाणी तळाशी बसते. तेल आणि पाणी जेथे एकमेकांस टेकतात तेथे सूक्ष्मजंतू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत गाळ तयार होतो. ज्या पंपाची विक्री भरपूर असते तेथे टाकी वारंवार रिकामी होते, नवा माल येतो आणि गाळाला बसायला सवड मिळत नाही. ज्या पंपावर दिवसभरात मोजक्या गाड्या येतात, तेथे तेल पडून राहते. जाणते चालक ‘गर्दीचा पंप बघून भर’ असे सांगतात, त्यामागे हे शास्त्र आहे. त्याचप्रमाणे टँकर टाकीत रिकामा होत असताना तळाचा गाळ ढवळला जातो. अशा वेळी थोडे थांबून भरावे, हेही खरे. मात्र ‘पहाटे थंडीत भरले की जास्त तेल मिळते’ या प्रचलित समजुतीला अर्थ नाही. टाकी जमिनीखाली असते आणि तेथील तापमान दिवसरात्रीत फारसे हलत नाही.

हयगय सुधारता येते. तिसरे कारण निराळ्या जातीचे आहे, आणि ते म्हणजे भेसळ.

रेशनवर मिळणारे रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी होते. सरकार त्यावर सवलत देत असे. २०११ च्या सुमारास रेशनच्या रॉकेलचा दर डिझेलच्या साधारण एक तृतीयांश होता. रॉकेल डिझेलमध्ये मिसळले की डोळ्यांना काही कळत नाही, गाडी बंद पडत नाही, आणि प्रत्येक लिटरमागे दोन दरांतील तफावत खिशात पडते. चोरी दुहेरी. झोपडीतील चूल विझते ती एक, आणि ग्राहकाच्या इंजिनाची झीज होते ती दुसरी.

कौटिल्याने हा मामला ओळखला होता. अर्थशास्त्राच्या कंटकशोधन नावाच्या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांवरील देखरेखीचे प्रकरण आहे. धान्य, तेल-तूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधे यांत त्याच रंगाचा दुसरा पदार्थ मिसळणाऱ्यास त्याने बारा पण दंड सांगितला आहे. ‘त्याच रंगाचा’ हे लक्षण मोठे मार्मिक आहे. आधुनिक शासनाने नेमके त्याच धाग्याने जाऊन रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला, म्हणजे ते डिझेलशी समवर्ण राहू नये. भेसळ करणाऱ्यांनी तो रंग काढून टाकण्याच्या युक्त्या शोधल्या. मग ऑक्टोबर २००६ मध्ये रॉकेलात डोळ्यांना न दिसणारे रासायनिक खूणद्रव्य घालण्याची पद्धत सुरू झाली. ती थोड्याच काळात बंद पडली. शासन एक दार लावते आणि चोर दुसरे शोधतो, असा हा खेळ वर्षानुवर्षे चालला.

त्याची किंमत दोन तरुण अधिकाऱ्यांनी प्राण देऊन चुकविली. मंजुनाथ षण्मुगम हा कर्नाटकातील कोलार भागातला मुलगा. लखनौच्या व्यवस्थापन संस्थेतून पदवी घेऊन इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी झाला. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळीच्या कारणाने त्याने एक पंप बंद करविला होता. तो पुन्हा सुरू झाल्यावर तपासणीस गेला असता, १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्याची गोळ्या घालून हत्या झाली. वय २७. त्याच्या मारेकऱ्यांना शिक्षा झाली आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

दुसरी घटना महाराष्ट्रातली. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत; मुंबईहून उत्तरेकडे जाणारी भारत पेट्रोलियमची नळवाहिनी मनमाडवरून जाते. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने जात होते. एका ढाब्यापाशी टँकरमधून तेल काढले जात असल्याचे त्यांना दिसले. ते थांबले आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेऊ लागले. त्यांच्यावर हल्ला झाला, अंगावर रॉकेल ओतून त्यांना भरदिवसा जाळण्यात आले. राज्यभर संताप उसळला, दोनच दिवसांनी लक्षावधी शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, धाडी पडल्या, अटका झाल्या.

सोनवणे यांनी त्या दिवशी केले काय? रस्त्यात गाडी थांबवून ‘हे काय चालले आहे?’ एवढेच त्यांनी विचारले. त्या ढाब्यासमोरून रोज शेकडो गाड्या जात होत्या. त्यांत पांढरपेशे होते, व्यापारी होते, सुट्टीवर आलेले जवान होते, देवदर्शनाला निघालेली कुटुंबे होती. तेल कोठे जाते हे त्या परिसरात सर्वांना ठाऊक होते. विचारणारा एक निघाला आणि तो एकटा पडला. हा प्रश्न केवळ पोलिसांचा नाही, असे म्हणायचे ते या कारणाने. लोणी काळभोरच्या परिसरातही टँकरमधून इंधन काढणाऱ्या टोळ्यांवर पुणे पोलिसांनी वेळोवेळी कारवाई केली आहे. पानेवाडी दूर आहे असे समजून येरवड्याने निर्धास्त राहण्याचे कारण नाही.

रॉकेलवरील सवलत २०२० पर्यंत टप्प्याटप्प्याने संपली आणि उज्ज्वला योजनेनंतर रेशनच्या रॉकेलची मागणीही घटली, त्यामुळे जुना मोह बराच ओसरला. परंतु मोह रूप बदलतो. औद्योगिक द्रावके आणि हलकी तेले आहेतच. अलीकडच्या काही वर्षांत ‘बायोडिझेल’ या गोंडस नावाखाली भलतीच तेले महामार्गांवर स्वस्तात विकल्याचे प्रकार गुजरात आणि महाराष्ट्रात उघडकीस आले. खरे बायोडिझेल वनस्पतिजन्य किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून बनते, त्याला स्वतःचे मानक आहे आणि विक्रीला परवानगी लागते. डिझेलपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळणारे, पावती न देता डब्यातून ओतले जाणारे तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे.

‘थोडे रॉकेल गेले तर काय बिघडते? पूर्वी तर गाड्या त्यावरही चालत,’ असे म्हणणारे अनुभवी मेस्त्री आजही भेटतात. जुन्या गाड्यांपुरते ते काही अंशी खरे होते. जुना पंप दणकट, त्यातील फटी मोठ्या, दाब कमी. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड-दोन हजार वातावरणांच्या दाबाने, अत्यंत बारीक छिद्रांतून फवारले जाते. नाशिकच्या सातपूर येथील कारखान्यात अशी नोझल बनतात; तेथील काम मायक्रॉनच्या हिशेबात चालते. या साऱ्या भागांना वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्यांचे वंगण. गंधक काढून टाकताना डिझेलचा स्निग्धपणा कमी होतो, म्हणून कारखान्यातच स्निग्धता वाढविणारे द्रव्य घालावे लागते. अशा मोजूनमापून तयार केलेल्या तेलात रॉकेल मिसळले की वंगण पातळ होते आणि धातूवर धातू घासू लागतो. पाणी गेले तर गंज. सहाव्या श्रेणीच्या गाडीत धुराड्याच्या वाटेवर काजळी अडविणारी जाळी असते. भेसळीच्या तेलाने ती लवकर तुंबते. दुरुस्तीचा खर्च काही हजारांत होत नाही. एक टेम्पो हेच ज्याचे भांडवल आहे आणि ज्याचे कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्याच्या घरातील वर्षाचे गणित अशा एका दुरुस्तीने विस्कटते.

ग्राहकाने काय करावे? पेट्रोल पंपावर काही तपासण्या मागण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे आणि त्यांची साधने पंपावर ठेवणे बंधनकारक आहे. गाळणकागदाची चाचणी पेट्रोलसाठी असते, डिझेलसाठी तिचा उपयोग नाही. डिझेलसाठी घनतेची चाचणी आहे. पंपावर ५०० मिलिलिटरचा जार, हायड्रोमीटर, तापमापक आणि रूपांतराचा तक्ता असतो. जारमध्ये डिझेल घ्यायचे, हायड्रोमीटर तरंगत ठेवायचा, आकडा आणि तापमान दोन्ही वाचायचे आणि तक्त्यावरून १५ अंश सेल्सिअसची घनता काढायची. ती साधारणतः दर घनमीटरला ८२० ते ८४५ किलोच्या दरम्यान येते. रॉकेल याहून हलके असते. टँकरबरोबर आलेल्या चलनावर जी घनता लिहिली आहे, तिच्याशी पंपावरची घनता ताडून पाहावी. तीनपेक्षा अधिक फरक असेल तर ते तेल संशयास्पद ठरते.

येथे पुष्कळांची गफलत होते. एक अंश तापमान वाढले की डिझेलची घनता सुमारे ०.७ ने उतरते. समजा चलनावर ८३० आहे. एप्रिलच्या दुपारी जारमधील तेल ३५ अंशांवर असेल तर हायड्रोमीटर ८१६ च्या आसपास दाखवील. तक्ता न पाहणारा ग्राहक ‘चौदाचा फरक! भेसळ!’ असे ओरडू लागेल आणि सचोटीने धंदा करणाऱ्या पंपचालकाची नाहक बदनामी होईल. असे प्रामाणिक पंपचालक पुष्कळ आहेत. कारगिल युद्धातील हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना देशाने जे पंप दिले, त्यांची आठवण येथे अवश्य ठेवावी. टँकर आला की आधी त्याची घनता तपासणारा, न जुळल्यास टँकर परत पाठविणारा आणि नमुना सीलबंद करून ठेवणारा पंपचालक हा ग्राहकाचा पहिला रक्षक असतो. शंका घेताना त्याचा अपमान होणार नाही, इतके भान हवे.

हेही सांगितले पाहिजे की घनतेची चाचणी निर्णायक नाही. हलक्या तेलाबरोबर एखादे जड तेल मिसळून घनता बरोबर जुळविणारे महाभाग आहेत. तेथे प्रयोगशाळाच लागते. ज्वलनांक, ऊर्ध्वपातन, सिटेन या चाचण्या पंपावर होत नाहीत. म्हणून शंका रास्त वाटली तर वाद न घालता पावती घ्यावी, तारीख, वेळ आणि नोझलचा क्रमांक टिपून ठेवावा, पंपावरील तक्रार वहीत नोंद करावी, आणि कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे तसेच शहरातील अन्नधान्य वितरण कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी. जीवनावश्यक वस्तू कायद्याखालील २००५ च्या आदेशाने अधिकाऱ्यांना नमुने घेण्याचा अधिकार आहे. नमुन्यांचे संच सीलबंद होतात. एक पंपचालकाकडे राहतो, एक प्रयोगशाळेत जातो. नुकसान झाले असल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. कमी माप मिळाल्याचा संशय असेल तर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप मागावे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची तूट-वाढ ग्राह्य धरली जाते. २०१७ साली ठाणे पोलिसांनी पंपांच्या यंत्रांत बसविलेल्या लबाडीच्या चिपा पकडल्या, तेव्हा हे माप किती उपयोगी आहे ते सर्वांच्या लक्षात आले.

अशा तक्रारी एकट्याने केल्या तर बाजूला सारल्या जातात. पुण्यातच १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली ती हे ओळखून. ग्राहक संरक्षणाचा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली आला. ग्राहक आणि व्यापारी हे एकमेकांचे शत्रू नव्हेत, असे या चळवळीचे सूत्र आहे. त्या सूत्राने येरवड्यात काम करायचे तर एका वस्तीतील दहा-बारा टेम्पोमालकांनी, रिक्षा आणि शालेय बसचालकांनी मिळून आळीपाळीने, महिन्यातून एकदा, आपण नेहमी जातो त्या पंपावर घनता पाहण्याची विनंती करावी. आकडे एका वहीत लिहावेत. पावसाळ्यात टाकीच्या तळाच्या पाण्याची डिपपट्टीवरील लेप लावून होणारी तपासणीही विचारून घ्यावी. सेल्समन पहिल्या खेपेस कुरकुर करील, व्यवस्थापकाला बोलावील. दुसऱ्या खेपेस जार आधीच धुऊन ठेवलेला असेल. या तपासणीला दहा मिनिटे लागतात, ग्राहकाला तिचे शुल्क पडत नाही आणि जारमधले डिझेल चाचणीनंतर पुन्हा टाकीत जाते.